कळलावीची जागा

आज औषधाच्या दुकानात कळलावीच्या फुलाचं कॅलेंडर दिसलं आणि तीस वर्षांपूर्वीचा राग पुन्हा डोक्यात चढला.

तेव्हा मी तंजावरहून गावोगाव फिरून औषधी बिया विकत घेत असे. परदेशी गिऱ्हाईक नुकतंच सुरू झालं होतं आणि कळलावीच्या बीला सगळ्यांत जास्त मागणी होती. त्या कार्तिकात मी अण्णाला, माझ्या मास्तर भावाला, ओरत्तनाडूजवळच्या देवराईत घेऊन गेले. तिथली वाळकी काडीसुद्धा कुणी उचलत नाही. चपला बाहेर काढून आम्ही ओल्या पाल्यावरून आत गेलो. काटेरी झुडपांवर फुलंच फुलं पेटली होती, बुडाशी पिवळी, टोकाला लाल.

मी बघतच राहिले. अण्णा सोबत आलेल्या वहिनीला म्हणाला, "बघ, हिचं मनात वजन करणं सुरू झालं. हिला फूल कुठलं दिसायला, हिला पोती दिसतात."

वहिनी पदर तोंडाला लावून हसली. त्या दिवशी मी भांडले नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

अण्णा, भाव मला तोंडपाठ होता. म्हणूनच ती जागा मी तीन वर्षं एकाही व्यापाऱ्याला सांगितली नव्हती, आणि आजही सांगणार नाही. दाखवली होती ती फक्त तुला.