एका घासाचा उशीर

त्या उन्हाळ्यात ओस्पानच्या गुडघ्याला थारा नव्हता. एरवीही तो एका जागी टिकणारा माणूस नव्हताच. गावाच्या गुरांचा डॉक्टर. दिवसभर या गोठ्यातून त्या गोठ्यात. जेवायला बसला तरी मांडी हलायची, आणि बायको झौरे म्हणायची, "चहा ओतू की आधी तुला बांधून ठेवू?" पण आता गुडघ्याबरोबर जीवही हलत होता.

वरच्या आळीत तीन गायी मेल्या होत्या. पहिली म्हाताऱ्या कानशायिम आपाची काराकोझ. अंगात फणफणून ताप, खांद्यापुढच्या गाठी टरारलेल्या, हिरड्या पांढऱ्याफटक. ओस्पानने होतं नव्हतं ते सगळं औषध टोचलं, पण गाय बसली ती उठलीच नाही. गोचीडताप. सीर दर्या नदीच्या काठाला हा पाहुणा दर उन्हाळ्यात येतो, त्याचं कुणाला नवल नाही. नवल हे, की याच तापाची लस ओस्पानने हिवाळा सरता सरता गावातल्या प्रत्येक गायीला टोचली होती. शहरातल्या प्रयोगशाळेची नवी लस. तिच्यात तापाचे जंतू होते, जिवंत, फक्त जोर काढून घेतलेले. हे त्यानेच तेव्हा ऐटीत गावाला समजावून सांगितलं होतं. आता तेच अंगाशी आलं.

"साप पिशवीत घालून दिला आणि म्हणतो, दात काढलेत," दुकानापुढच्या बाकावरून सापारबेक म्हणाला. "तू स्वतः बोट घालून बघितलं होतंस का रे?"

बाकावरचे सगळे हसले. ओस्पानही हसला, आणि घरी येऊन विनाकारण कुत्र्यावर खेकसला.

सापारबेकचं काय, त्याला बोलल्याशिवाय अन्न पचत नाही. पण कानशायिम आपा? ओस्पानची आई गेल्यावर त्याला जवळ घेणारी हीच. दारावरून जाणाऱ्याला घासभर नान खाल्ल्याशिवाय पुढे न सोडणारी. ती साऱ्या आळीदेखत म्हणाली, "तुझ्या सुईनं माझी काराकोझ गेली. माझ्या फाटकात पाऊल टाकू नकोस." ते वाक्य त्याच्या काळजात काट्यासारखं राहिलं. खरंच आपल्या सुईने मारलं असेल का? ज्याला त्याला तो छातीठोक सांगायचा, नाही म्हणून. आणि आतून धास्तावलेला असायचा.

निवाडा मोल्दिरच्या हातात होता. ती त्या प्रयोगशाळेतली, तिशीतली हुशार बाई. मेलेल्या गायींचं रक्त ती घेऊन गेली होती. जाताना म्हणाली होती, "आगा, आपण माणसाला जसं कूळ विचारतो, सात पिढ्या विचारतो, तसं जंतूलाही विचारता येतं. लशीतला जंतू एका घराण्यातला, गोचिडीतला दुसऱ्या. अंगात कोण शिरलं होतं ते जनुकांवरून कळतं."

तेव्हापासून ओस्पान फोन हातातून सोडत नव्हता. घोड्याचा खूर धरलेला असला तरी नजर फोनवर. झौरे म्हणाली, "अंडं आहे का ते, उबवतोयस?"

फोन आला तेव्हा तो गोठ्यापाशी गवत उलथत होता.

"सुटलात, आगा!" मोल्दिर म्हणाली. "तिन्ही गायींत गोचिडीतलाच जंतू. लशीच्या घराण्यातला एकही नाही."

ओस्पानच्या हातातलं फावडं गळून पडलं. त्याने ओरडून झौरेला सांगितलं, झौरेने कुंपणावरून शेजारणीला, आणि बातमी पाय फुटल्यासारखी सुटली.

"पण एक विचारायचंय," मोल्दिरचा आवाज खाली आला. "टोचल्यानंतर काही आठवड्यांनी मी सगळ्या गायींचं रक्त नेलं होतं ना? खालच्या आळीतल्या गायींत लशीची खूण आहे. वरच्या आळीतल्या एकीतही नाही. लस त्यांना लागलीच नाही. त्या आळीची कुपी वितळवल्यावर तुम्ही कुठे थांबला होतात का?"

"छे," ओस्पान म्हणाला. शब्द त्याच्या आधी तोंडातून निघाला.

"मग कुप्यांतच खोट असणार. त्या खेपेच्या सगळ्या परत मागवते. बाकीच्या गावांचं टोचणं या वर्षी बंदच ठेवावं लागेल." ती थकल्यासारखी बोलली आणि फोन ठेवला.

थांबला होता. चांगला थांबला होता. गोठवणाऱ्या नायट्रोजनच्या भांड्यातून काढलेली कुपी एकदा वितळली की लगेच टोचायची, नाहीतर आतले जंतू मरतात, हे त्याला पाठ होतं. त्या दिवशी वितळवलेली कुपी पेटीत ठेवून तो वरच्या आळीत शिरला, तोच आपाने बाही धरली. "जीव ओवाळून टाकते रे तुझ्यावरून, तोंड तरी लाव!" तोंड लावायचं म्हणून बसला. मग बाउरसाक आले, तळलेले कणकेचे गोळे, साय आली, आईच्या आठवणी निघाल्या. उठला तेव्हा पोट भरलं होतं आणि लस मेलेली होती. मेलेली लस त्याने साऱ्या आळीला टोचली, मन लावून.

संध्याकाळपर्यंत जो तो पाठीवर थाप मारून जात होता. सापारबेक म्हणाला, "आमच्या नातवाला स्वतःचे सात बापजादे सांगता येत नाहीत, आणि तू जंतूचे काढलेस!" ओस्पानला ती थाप चाबकासारखी लागली.

मग कानशायिम आपा आली. हातात रुमालात गुंडाळलेला ताजा नान, डोळे खाली.

"म्हातारीची जीभ सैल सुटली, बाळा. पोटात घाल. घे, तोंड लाव."

त्याचा हात पुढे होईना.

"अजून राग आहे?" तिचा आवाज कापला. समेटाला आणलेला नान नाकारणं म्हणजे कायमचं तोडणं.

"राग कसला, आपा! लस मेली होती. मी तुझ्याकडे जेवत बसलो आणि ती पेटीत मेली. सुईनं नाही मारली काराकोझ, पण वाचवणारं काहीच सुईत नव्हतं." एकदा बोलायला लागल्यावर त्याला थांबता येईना. शहरात काय विचारलं, आपण काय खोटं सांगितलं, बाकीच्या गावांची लस कशी अडली, सगळं भडाभडा ओकून टाकलं.

आपा कुंपणाला टेकली. रुमालाची गाठ सोडत आणि बांधत राहिली.

"तू उठत होतास," ती म्हणाली. "दोनदा उठलास. दोन्ही वेळा मीच बसवलं."

"हात माझे होते, आपा."

"बाही मी धरली होती." तिने डोळे पुसले नाहीत. "लाव फोन त्या पोरीला. आत्ता, माझ्यासमोर."

त्याने लावला. "मोल्दिर, मी थांबलो होतो," तो म्हणाला. मोल्दिरने विचारलं, किती वेळ, कुठे?

ओस्पान अडखळला. "असंच... एका घरी."

"एका घरी काय?" आपाने फोनकडे तोंड नेलं. "कानशायिमच्या घरी म्हण. नाव सांग माझं."