बाईंच्या रक्तात नसलेलं

सुमनबाईंनी विज्ञान शिकवलं, म्हणून आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो. आज प्रयोगशाळेत माझ्या हातात एक इवलीशी कुपी आहे. तिच्या तळाशी जेमतेम दिसणारी पांढरी पूड आहे. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी जखमेला ज्याच्यामुळे चिकटतात, ते त्यांच्या पृष्ठभागावरचं माणसाचं रिसेप्टर प्रथिन. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडून बनवून घेतलेलं. जोरात हलवलं तर बिघडतं, म्हणून श्वास रोखून त्यावर पाण्याचा थेंब सोडतो. बाईंच्या रक्तात जन्मापासून हेच नाही, आणि कुपीवर लिहिलंय, ‘फक्त संशोधनासाठी’.

सकाळी त्या फोनवर म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात दाढ काढायचीय रे. आजाराचं सांगून त्या पोरसवदा दातांच्या डॉक्टरला कशाला घाबरवू?” आणि हसल्या. माणूस किती थोडक्यावर उभा असतो.

दुपारी पत्र टाकलं: ‘बाई, दाढेला हात लावू देण्याआधी हा कागद डॉक्टरांना द्या. त्यात लिहिलंय, “यांचं रक्त लवकर थांबत नाही, मोठ्या रुग्णालयात पाठवा.” माझ्यावर रागावलात तरी चालेल, पण द्या.’