तारखेच्या जागी रेघ

दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी खिडकी क्रमांक दोनवरचा कारकून दोनशे अकरावा अर्ज तपासत होता. कचेरीत त्याला 'रकाना' म्हणतात. मतदार नोंदणीचा तात्पुरता कायदा सहा महिन्यांचा होता. ज्याची माहिती अपुरी, त्याने पुरावा आणावा, नाहीतर नाव वगळावे. आज पाचला मुदत संपणार होती.

"साहेब, मेल्यावर यादीत नाव राहतं आणि जिवंतपणी जातं. काय न्याय आहे!" रांगेतला शिंपी म्हणाला. लोक हसले. रकाना हसला नाही.

शिंप्यानंतर खिडकीशी आली ती रकान्याची मावशी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेले. तिची इमारत पाडायला काढली होती आणि बदली खोली फक्त यादीत नाव असलेल्यांना मिळणार होती.

"जन्मतारखेचा पुरावा आणलात?" त्याने विचारले.

"आणलात? मला अहो-जाहो कधीपासून रे?"

त्याने अर्ज काढला. अक्षर त्याचेच होते. आठ वर्षांपूर्वी घरोघर नोंदणी करताना तो तिच्याच स्वयंपाकघरात बसून हा अर्ज भरत होता. "थंडीत जन्मले, एवढंच ठाऊक," ती म्हणाली होती. बाकीचे कारकून अशा वेळी बिनधास्त एक जानेवारी ठोकून देत. खात्री नसलेले लिहायचे नाही म्हणून त्याने रेघ ओढली. तेव्हा रेघ चालत असे. बाकीच्यांच्या एक जानेवारीवाल्या म्हाताऱ्या आता यादीत सुखरूप होत्या.

"मग आता लिही की एक जानेवारी."

"पुरावा लागतो."

"तुझी तारीख शाळेत कोणी सांगितली? मी. अंदाजाने! तीच लावून नोकरी करतोयस ना?"

"ती दाखल्यावर आहे."

"आणि मी?"

शेजारच्या खिडकीवरची बाई हळूच म्हणाली, "अहो, टाका ना तारीख. कोण बघतंय?"

त्याने घड्याळ पाहिले. पाचला सात मिनिटे होती. त्याने 'अपूर्ण' हा शिक्का उचलला, शाईत दाबला आणि अर्जावर उमटवला. मग पोचपावती फाडून खिडकीतून पुढे सरकवली.

मावशीने ती घेतली नाही. "घरी येऊ नकोस," एवढे बोलून ती बाजूला झाली.

"पुढचा," तो म्हणाला.

वगळलेल्यांची यादी उद्या सकाळी दहा वाजता कचेरीबाहेरच्या फलकावर लागेल. लावायची पाळी त्याची आहे.