पाटाची सुपारी

‘बेबीबाईनं पाटाची सुपारी एकटीनं फोडली,’ असे ब्राह्मणपुरी गावात पुष्कळ वर्षे बोलले जाई. विधवेने दुसरे लग्न करणे, म्हणजे पाट लावणे, तिच्या समाजात रूढ होते. मात्र त्यासाठी पुरुषाला पंचांसमोर सुपारी फोडून वाटावी लागे.

बेबीबाई सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली. वाट्याला भुईमुगाचे चार बिघे आले. शिवाय गोधड्या शिवण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. शहाद्याला भाड्याची गाडी हाकणारा हिलाल तीन वर्षे दर मंगळवारी तिच्या ओट्यावर टेके. येताना कधी गूळ आणी, कधी टरबूज. पाट लावायचा हे तो मनापासून म्हणे. पण कपाशी निघाल्यावर, मग थंडी सरल्यावर, मग अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाल्यावर. त्याच्या भरवशावर तिने दोन स्थळे परत पाठवली. प्रकाश्याहून तिसरे आले, तेव्हा भाऊ दोधू म्हणाला, “बेबी, आते काय ते ठरी टाक.”

त्या दिवशी घर सारवताना तिच्या ध्यानात आले, की तीन वर्षांत हिलालने आणलेली, दुसऱ्या दिवशी उरेल अशी एकही वस्तू घरात नाही. लुगडे नाही, काकणे तर नाहीतच.

पुढच्या मंगळवारी तिने पंचांना ओट्यावर बसवले. सुपारी, अडकित्ता मांडला. हिलालची गाडी आली. माणसे पाहून त्याने बैल सोडले नाहीत. “बैलेस्ले पानी पाजीसन येस,” म्हणाला.

बैल नुकतेच नदीतून आले होते. त्यांच्या गुडघ्यांवरून पाणी निथळत होते. बेबीबाईने ते पाहिले आणि गाडी वळवायला बाजूला सरून वाट दिली.

मग तिने स्वतः सुपारी कातरली, प्रत्येक पंचाच्या हातावर खांड ठेवले. “त्यानं नि मन्हं आते काही नातं नई. खा तुम्ही,” म्हणाली, आणि एक खांड आपल्या तोंडात टाकले.

प्रकाश्याच्या स्थळालाही तिने नकार कळवला. आता कोणाची वाट पाहायची नव्हती, तशी घाईही नव्हती. तिच्या गोधड्यांना तळोद्यापर्यंत मागणी आली. अखाजीला ती लिंबाला झोका बांधी, आणि पोरींच्या आधी स्वतः बसे.

सात वर्षांनी शेजारच्या कालीबाईला राहवले नाही. “जराशी थांबती ते तो परत येता, बेबी.”

बेबीबाईने सुईत दोरा ओवला.

“सात वरीस व्हई ग्यात, काकी. त्याना बैल आजून पानीच पी ऱ्हायनात का?”