दातात धरलेलं हळकुंड

ये, अशी जवळ बस. लिहितानासुद्धा मला माणूस समोर लागतं, त्याशिवाय माझा हात चालत नाही. आणि ते पडलेलं तोंड आधी सरळ कर बघू. परवा आलीस, पिशवी कोपऱ्यात टाकलीस आणि म्हणालीस, "आजी, कुपवाडच्या कारखान्यानं माझा पोरगा परत पाठवला. आता मी कुणाच्या दारात जाणार नाही." एका नकारात एवढी दमलीस होय गं? शाळा संपलेल्या अपंग पोरांना काम शिकवायचं आणि कुठंतरी चिकटवून द्यायचं, हे काम तू आपणहून घेतलंस. वर म्हणालीस, पूर्वी असल्या पोरांसाठी कोणी काही करत नव्हतं. हे मात्र मी ऐकून घेणार नाही. तू ज्याची नात, त्या माझ्या भावासाठी काय काय झालं ते तुला कोणी सांगितलंच नाही, आणि तू चहा अर्धा टाकून निघून गेलीस. म्हणून आता लिहिते.

माझा भाऊ माझ्याहून लहान. आमचं गाव रहिमतपूरजवळ. तो मराठी शाळेत असताना त्याला विषमज्वर झाला. ताप उतरला, पोरगं वाचलं, आईनं नारळ फोडला. मग त्याला हाका मारल्या तर तो वळेना. आम्हाला वाटलं, आजारपणात लाड झाले, आडमुठा झालाय. चुलत्यांनी मागून पाठीत धपाटा घातला तेव्हा वळून म्हणतो, "मारता का? हाक मारायची की!" तेव्हा आईला कळलं, पोराचे कान गेले.

मिरजेच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "कान परत येणार नाहीत. पण याला बोलतं ठेवा. आपलाच आवाज ऐकू येईना झाला की माणूस हळूहळू बोलायचं सोडतं, मग वाचाही जाते." त्यांनी हे आईला सांगितलं, पण धरून ठेवलं मी. घरात नियमच केला. तोंडानं मागितल्याशिवाय काही मिळायचं नाही. भाकरी पाहिजे? मोठ्यांदा म्हण, भाकरी. लय रडायचा. एकदा कालवणाची वाटी माझ्या अंगावर फेकली. पण मी ताट पुढं केलं नाही, तो "आमटी" म्हणेपर्यंत.

मला स्वतःला तेव्हा अक्षर येत नव्हतं. मुलींना कोण घालतंय शाळेत! पण त्याच्याशी बोलायला दुसरी वाट नव्हती, म्हणून त्याच्याच पाटीवर मी शिकले. माझं लग्न झालेलं, मालक पलटणीत, लढाईवर लांब गेलेले; मी माहेरीच असायची. संध्याकाळी ओसरीवर बसायचं, त्याचा तळहात हातात घ्यायचा आणि बोटानं त्यावर शब्द लिहायचा. तो शब्द ओळखायचा आणि मोठ्यांदा म्हणायचा. धडेच्या धडे असे केले. अंधारातसुद्धा चालायचं, रॉकेलची बचत. हातावर बोट टेकलं की त्याच्या तोंडातनं शब्द बाहेर, इतकी सवय झाली. ही सवय ध्यानात ठेव, पुढं तीच आडवी आली.

असा तो इंग्रजी शाळा शिकला आणि मॅट्रिक झाला. गावानं कौतुक केलं, पेढे खाल्ले, आणि मग सगळे गप्प. कचेरीत गेला तर, "साहेबानं विचारलं तर याला कळणार कसं?" दुकानात गेला तर तेच. चुलते म्हणाले, "बास झाली साळा. रानात पाखरं राखाय बसू दे. बहिऱ्याला आनि काय जमनार?"

एव्हाना भाऊ ओठ वाचायला शिकला होता; त्यानं त्यांच्या ओठांवरून ओळखलं. तो म्हणाला, "काका, पाखरं माझ्या पाठीमागं वरडली तर मला कळंल का? तेबी काम न्हाई जमायचं मला." सगळे हसले, तोही हसला. पण रात्री जेवला नाही. आणि त्यानंतर त्याचं बोलणं कमी व्हायला लागलं. विचारलं तर मान हलवायची, बोट दाखवायचं. डॉक्टर म्हणाले होते तेच समोर दिसायला लागलं. पोरगा रिकामा बसला तर मुका होणार. नोकरीचं एक वेळ सोड, आम्ही शेतीवाले, भाकरीला कमी नव्हतं. मला त्याची वाचा जाऊ द्यायची नव्हती.

त्याच्या शाळेचे हेडमास्तर, आम्ही त्यांना गुरुजीच म्हणायचो, ते एक दिवस चालत घरी आले. म्हणाले, "पोरगा पास झाला म्हणून माझं काम संपलं असं नाही. तुमची हळद सांगलीला ज्या आडतीत जाते तिथं मी ह्याला घेऊन जाणार आहे. सौद्याच्या वेळी तिथं सगळा बाजारच मुका असतो."

तुला माहीत नसेल म्हणून सांगते. तेव्हा सांगलीच्या पेठेत हळदीचा भाव तोंडानं होत नसे. आडतदार हातावर एक कापड टाकायचा. एकेक व्यापारी यायचा, कापडाखाली हात घालायचा आणि आडतदाराची बोटं दाबून आपला भाव सांगायचा. एक बोट म्हणजे अमुक, चार बोटं म्हणजे तमुक, पूर्ण पंजा म्हणजे आणखी काही. एकाचा भाव दुसऱ्याला कळायचा नाही. सगळ्यांचे हात झाले की आडतदार सर्वांत चढा भाव पुकारायचा. आमच्याकडच्या आडतदाराला सगळे आण्णा म्हणत. आजारपणानंतर आण्णांची बोटं बधिर झाली होती. दाबलेलं कळायचं नाही. त्यांनी एक कारकून ठेवला, तर तो आतला भाव डोळ्यांनी बाहेर सांगू लागला.

आम्ही तिघं रहिमतपूरला गाडीत बसलो, मिरजेला गाडी बदलली आणि सांगलीत मावशीकडं उतरलो. आण्णांनी भावाकडं खालून वर बघितलं.

"गुरुजी, मॅट्रिक झालेला म्हनता. पन ह्यो बहिरा."

"म्हणूनच आणलाय. कोणी कानाशी लागून ह्याला काही विचारू शकत नाही. आणि हातावरचं जेवढं ह्याला कळतं तेवढं तुमच्या पेठेत कोणाला कळत नाही. ही ह्याची बहीण. विचारा तिला."

मी त्याच्या तळहातावर बोटानं "हळद" लिहिलं. तो खणखणीत म्हणाला, "हळद!" आण्णा खूष झाले. अगं, तिथंच आमच्या ध्यानात यायला हवं होतं! पण आम्ही तिघंही खुषीत.

आडतीत माल तोलणारे एक तोलार होते, मुसलमान, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी आपल्या पंच्याखाली भावाला बोटांची खूण शिकवली. त्यानं ती भराभर उचलली. बाजाराच्या दिवशी मी अंगणात हळद निवडणाऱ्या बायकांत जाऊन बसले, हात कामात आणि डोळे भावाकडं. ढिगाजवळ आण्णा उभे, शेजारी भाऊ, त्याच्या हातावर कापड. पहिला व्यापारी आला, जाडजूड, कपाळाला गंध. त्यानं कापडाखाली हात घातला, बोटं दाबली.

आणि माझ्या भावानं, जसा ओसरीवर धडा म्हणायचा तसा, भाव मोठ्यांदा म्हणून टाकला.

 अंगणभर असा हशा उठला की छपरावरची कबुतरं उडाली. जाडा व्यापारी ओरडला, "आण्णा, आडत काढलीया का दवंडीवाला ठेवलाय?" माझ्या शेजारची म्हातारी हळद टाकून हसायला लागली. भाऊ सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होता. काय झालं ते त्याला कळेना. आपण बोललो हेच त्याला ठाऊक नव्हतं. सौदा मोडला. ज्याची हळद होती तो शेतकरी आण्णांच्या नावानं खडे फोडत निघून गेला.

आण्णा म्हणाले, "गुरुजी, ह्येला परत न्या."

गुरुजींचं तोंड उतरलं. आणि मी, बाई, पदर खोचून बायकांतून उठले. पेठेत बाईनं बोलायची रीत नव्हती. पण बोलले. "आण्णा, आकडा बरोबर हुता का चूक?"

"बरोबर हुता की. त्योच तर घोळ झाला!"

"मग हातातलं त्याला वाचता येतंय. तोंड मिटाय मी शिकवते. म्होरल्या बाजाराला एकदा उभा करा. न्हाई जमलं तर मी सोता घिऊन जाते."

चाचा तराजूजवळून म्हणाले, "आण्णा, द्या एक बाजार. बोटं लई गुनाची हायती पोराची." आण्णांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही ते कळलं नाही, पण मी हो धरलं.

मावशीच्या ओट्यावर शिकवणी सुरू झाली. मी हात दाबायची, तो बोलायचा. ओठ मिटून बस म्हटलं तर मिटलेल्या ओठांतून हुंकार यायचा. तोंडात सुपारी दिली तर त्यानं गिळली. पाणी धरायला लावलं तर तेही माझ्याच अंगावर! शेवटी तो चिडला. केवढ्यांदा ओरडला, शेजारीपाजारी बाहेर आले. "आक्का, बोल बोल म्हनून माझा जीव खाल्लास! आता गप म्हनतीस? एक कायतरी ठरीव!"

त्याचं खरं होतं. मला भीतीही तीच. गप्प बसायला मीच शिकवलं आणि ते अंगात मुरलं तर? ज्याच्यासाठी इथवर आलो तेच हातानं घालवायचं?

चाचा संध्याकाळी घरावरून जायचे. त्यांनी खिशातून एक हळकुंड काढलं, वाळलेलं, दगडासारखं. म्हणाले, "ह्ये दातात धरू दे. पडलं की त्येला कळंल, तोंड उघडलं." स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नव्हता, पण पडलेलं हळकुंड दिसायचं तरी! आणि मी त्यात माझा नियम घातला. हातावर कापड आहे तोवर हळकुंड दातात. कापड काढलं की हळकुंड बाहेर, आणि बोटांनी जे जे सांगितलं ते सगळं मोठ्यांदा म्हणायचं, एकही सोडायचं नाही. गप्प बसायचं ते कापडापुरतं.

पहिल्यांदा हळकुंड सारखं पडायचं. ओट्यावर टप, पायरीवर टप. मावशीचं बारकं मांजर त्याच्याशी खेळायला टपून बसायचं. त्याचे दात पिवळे झाले, ओठ पिवळे झाले. मावशी म्हणाली, "ह्येला हळद लावलीस, आता नवरी कुठाय?" तो ते ओठांवरून समजला आणि हळकुंड दातात धरून हसला. पडलं नाही. त्या दिवशी मला वाटलं, होणार.

पुढचा बाजार आला. आण्णांनी कापड त्याच्या हातावर टाकलं. मी पुन्हा बायकांत. एक व्यापारी झाला, दुसरा झाला. हळकुंड दातात. मग तो जाडा आला, लोकांकडं बघून डोळा मिचकावला आणि कापडाखाली हात घालून बसला की बसलाच. भाव सांगितला, पण सोडेना. भावाच्या खांद्याची हालचाल मला दिसली. नंतर कळलं, तो तळहाताला गुदगुल्या करत होता. कुणीतरी म्हणालं, "बगा, आता वरडतंय!" भावाचं तोंड लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं. मी हातातली हळद इतकी दाबली की नखांत शिरली. दातांचा कट्ट असा आवाज झाला, तो मलाही ऐकू आला.

पण तोंड उघडलं नाही. जाड्यानं हात काढला. भावानं पुढच्याला मान हलवून बोलावलं.

सगळे झाल्यावर त्यानं पाटीवर लिहिलं आणि पाटी छातीशी धरून आण्णांना तेवढी दाखवली. आण्णांनी भाव पुकारला. एकानंही कुरकूर केली नाही. मग आण्णांनी स्वतः कापड काढलं. भावानं हळकुंड तळहातावर थुंकलं. हळकुंड अख्खं होतं, पुढच्या दाताचा टवका उडाला होता. तोच गं, तू लहानपणी बोट घालून बघायचीस तो दात! त्यानं अंगणभर नजर फिरवून मला शोधलं आणि एवढ्या माणसांत हाक मारली, "आक्का, आता बोलू का?"

आण्णांनी त्याच्यासमोर येऊन, तोंड नीट उघडून सांगितलं, "बोल गड्या. पायजे तेवढं बोल."

तो त्या आडतीत राहिला, संसार केला, आणि शेवटपर्यंत मोठ्यांदा बोलला. तुझी आजी वैतागायची, "हळू बोला, गल्ली ऐकतीया!" मला मात्र ते गोड लागायचं. गुरुजी तिथं थांबले नाहीत. पुढच्या वर्षी वडूजकडचा एक पायानं अधू मुलगा घेऊन त्याच पेठेत एका शिंप्याकडं जाऊन बसले. नाही म्हटलं की गुरुजी पाणी मागायचे, आणि पाणी पिता पिता पुन्हा विचारायचे.

आता तुझ्या त्या पोराचं सांग. कारखान्यानं परत पाठवला म्हणतेस, पण कशावरून? त्याला काम येत नव्हतं, का काम येऊनही दुसरंच काही आडवं आलं? हे विचारलंस का तू? विचारलं नसशील तर उद्या परत जा, दार तेच आणि माणूसही तोच. विचार, आणि जे काय आडवं आलं असेल ते मला येऊन सांग. मग त्याच्या दातात काय धरायला द्यायचं ते आपण दोघी बसून बघू.

पण लवकर ये. त्या पोरालाही घेऊन ये, मी धपाटे करून ठेवते. आणि दारातनं मोठ्यांदा हाक मार गं, तुझ्या आजोबांसारखी. आता मलाच कमी ऐकू येतंय.