आत्याबाईंचा गुडघा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. यांना नाही, नणंदेला नाही, माहेरी आईजवळसुद्धा नाही. तसं पाहिलं तर कुणाचा जीव गेला नाही, घर मोडलं नाही. आमचं घर तर चांगलंच चाललं. मग आता कशाला सांगायचं? मीही स्वतःला हेच विचारत आले — आणि दरवेळी गप्प बसले.

माझं माहेर नरखेडकडचं. लग्न होऊन नागपुरात आले ती लकडगंजात. हे लाकडाच्या वखारीत कामाला. घरात आम्ही तिघंच — हे, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. उंच, खणखणीत आवाजाची बाई. चालणं असं, की बाजारात मला मागून पळावं लागे. वाईट नव्हत्या हो. मला कधी टाकून बोलल्या नाहीत. पण स्वयंपाकघर त्यांचं होतं. भाजी कोणती, फोडणीत तेल किती, भात मऊ की मोकळा — सगळं त्या ठरवणार. मी चिरायची, वाटायची, भांडी घासायची. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती आणि साधं वरणसुद्धा मी माझ्या मनासारखं केलेलं नव्हतं. हसाल तुम्ही. हसा. तेव्हा मला त्याचं रडू यायचं.

आणीबाणी उठली त्या सुमाराला आत्याबाई नळापाशी शेवाळावरून घसरल्या. गुडघा टम्म सुजला. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि काही आठवडे पडून राहायला सांगितलं — तेवढं खरंच सांगितलं होतं. त्या आठवड्यांत घर माझ्या हाती आलं. मी पहिल्यांदा माझ्या आईसारखा गोळाभात केला. यांनी मागून घेतला. कसं सांगू तुम्हाला — समोरच्या खोलीत आत्याबाई कण्हत होत्या, आणि मी चुलीपाशी गुणगुणत होते.

पट्टी सोडायला मीच त्यांना रिक्षानं दवाखान्यात नेलं. या वेळी दुसरा डॉक्टर होता, तरुण, नुकताच शिकून आलेला. त्यानं पाय वाकवून पाहिला, एक्स-रे पाहिला, आत्याबाईंना बाहेर बाकावर बसवलं आणि मला थांबवून घेतलं. हाड शाबूत आहे, म्हणाला. आता त्यांना बसू देऊ नका. चालवा, रोज थोडं जास्त. दुखेल, त्या घाबरतील — पण दुखलं म्हणजे आत काही मोडलं असं नसतं. पाय वापरला नाही, तर मात्र तो हळूहळू जाईल.

किती नीट सांगितलं त्यानं. मला शब्द न् शब्द कळला.

बाहेर आले. आत्याबाईंनी विचारलं, "काय म्हणे वं डॉक्टर?"

मी आधी काही ठरवलं नव्हतं. पण त्यानं काय फरक पडतो? मी म्हणाले, "आराम सांगतला. पाय हालवाचा नाही म्हणे."

झालं. एवढंच. एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो?

त्यांनी विश्वास ठेवला. खाटेवर बसल्या त्या बसल्याच. मी हातात ताट द्यायची, पाणी द्यायची, पाय चेपायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, सून असावी तर अशी. एकदा त्या भिंत धरून उभ्या राहिल्या, तर मी ओरडले — "काहून उठल्या, आत्याबाई? पाय गेला मंग?" त्या चटकन खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांत भीती होती — स्वतःच्याच पायाची. ती मी घातलेली. वर्ष उलटलं. मांडी वाळली, आवाज बारीक झाला. भजनाला जाणं सुटलं. आणि मी? मी रोज ठरवायची, उद्या सांगू. दुपारी बाजारात मनासारखी वांगी निवडताना विसरून जायची.

मग मला टायफॉइड झाला. नणंद कामठीला, तिची स्वतःची लेक तान्ही — ती येणार कशी? यांना चहासुद्धा धड करता येईना. तापात पडल्या पडल्या मला स्वयंपाकघरातून आवाज आला. पाय ओढत कुणी तरी चालत होतं. आत्याबाई भिंत धरून आल्या, हातात पेजेची वाटी. चेहरा दुखण्यानं पिळवटलेला. मला उठून "बसा" म्हणायची ताकद नव्हती. बरं झालं, नव्हती.

रोज तो आवाज ऐकायची. आधी फरपटणारा, मग अडखळणारा, मग सरळ. एक दिवस त्या माझ्या उशाशी बसून नवलानं म्हणाल्या, "अवं, मले वाटे, चालली का मोडते. आता चालून राहिली तं उलट मोकळं वाटून राहिलं."

मी कूस बदलली.

मी बरी झाले तोवर आत्याबाई बाजारात जाऊ लागल्या होत्या. स्वयंपाकघर त्यांनी परत घेतलं नाही. सकाळचं तू कर, संध्याकाळचं मी, म्हणाल्या. सोपं होतं ते. मागितलं असतं, तर पहिल्या वर्षीच मिळालं असतं — मी मागितलंच नव्हतं. पुढची वर्षं आमची खरोखर सुखाची गेली. पहाटे दोघी फिरायला जायचो. त्या पुढे, मी मागे.

मग शेजारच्या शांताकाकूंचा गुडघा धरला. त्या त्याच डॉक्टरकडे गेल्या आणि आल्या त्या सांगत — चाला म्हणे. आम्ही अंगणात वाटाणे सोलत होतो. आत्याबाईंचे हात थांबले. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुले तवा काय सांगतलं होतं वं त्यानं?"

सांगायची वेळ होती ती. दुसरी कशी असते?

"आरामच सांगतला होता, आत्याबाई."

त्यांनी क्षणभर पाहिलं. मग वाटाण्याची शेंग मोडली. "मंग त्याले काही समजत नाही. एकीले बसवते, एकीले चालवते."

शांताकाकूंना मी आमच्याबरोबर फिरायला नेऊ लागले. त्यांचा गुडघा सुधारला. पण आत्याबाई शेवटपर्यंत, भेटेल त्याला, त्या डॉक्टरकडे जाऊ नका म्हणून सांगत राहिल्या. आणि सांगून झालं की माझ्या पाठीवर हात ठेवायच्या — या पोरीनं वर्षभर मले हातावर झेललं, म्हणून मी आज चालून राहिली.

मी शेजारीच बसलेली असायची. ते कौतुक मला आवडायचं.