लाल ठिपक्याचं रिव्हॉल्व्हर

जुनं रिव्हॉल्व्हर हातात आलं की सिस्टर आधी ते रिकामं असल्याची दोनदा खात्री करत. मग अंगठ्याचं नख नळीच्या मागच्या टोकाशी धरत, त्यावर उजेड घेत आणि एक डोळा मिटून आत बघत. नळी मळलेली असली तर दुकानदाराला सरळ ऐकवत, "ह्यात कोळ्याने बिऱ्हाड केलंय, बघा." पालिकेच्या दवाखान्यात उभा जन्म नर्स म्हणून गेला, निवृत्त होऊन आमच्या नेमबाजीच्या क्लबात आल्या, तरी त्यांना नावाने कुणी हाक मारली नाही.

ठाण्याच्या एका बंदूकवाल्याकडे त्यांचं रिव्हॉल्व्हर घ्यायला मीच त्यांच्यासोबत गेलो होतो. अशा दुकानातली सेकंडहँड हत्यारं बहुतेक वारलेल्या माणसांची. घरच्यांना नको असतात, म्हणून ती कपाटात येऊन पडतात. मोठ्या बोअरला गिऱ्हाईक असतं, पॉइंट बावीसच्या, बारीक नळीच्या रिव्हॉल्व्हरकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. ते स्वस्त असण्याचं कारणही तेच. दुकानदार प्रामाणिक होता. म्हणाला, "सिस्टर, ह्याने उंदीरपण मरणार नाही."

"अहो, मला मारायचंय कुणाला? मला कागदाला भोक पाडायचंय."

शीळफाट्यापुढच्या आमच्या रेंजवर पोरं परदेशी पिस्तुलं घेऊन येत आणि सिस्टरच्या घासून पांढऱ्या पडलेल्या रिव्हॉल्व्हरला हसत. नस शोधताना धरायच्या तसा श्वास धरून सिस्टर गोळी सोडत. बार झाला की चेहऱ्यावर असं हसू येई की हसणाऱ्या पोरांचा मला रागच यायचा. एकाने विचारलं, "नवीन घ्या ना, सिस्टर. ह्याच्यात काय ठेवलंय?" त्या म्हणाल्या, "मजा ठेवलीय. तुला तुझ्यात येते का?"

आता माझा पराक्रम सांगतो. एकदा त्यांचं रिव्हॉल्व्हर बघायला घेतलं आणि ऐटीत, रिकामंच, चाप ओढला. बावीसच्या काडतुसाला ठोका मधोमध नाही, कडेला बसतो. चक्रातलं काडतुसाचं घर रिकामं असलं की तोच ठोका लोखंडाच्या कडेवर आदळतो. आठांपैकी एका घराची कड आधीच झिजली होती, ती चेपली. त्यात काडतूस शिरेना. सिस्टरनी मला सगळ्यांदेखत असं झापलं की चाळिशीतल्या माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. दुसऱ्या रविवारी मात्र त्या घराजवळ नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. "हे तुझं घर. रिकामंच राहणार. मला सात पुरतात," त्या म्हणाल्या आणि डब्यातला शिरा पुढे केला.

त्यांच्या मुलाला हे सगळं नको होतं. आंबिवलीच्या त्यांच्या घरी माझ्यासमोरच तो म्हणाला, "आई, बिल्डिंगमध्ये काय काय बोलतात माहितीये? सरकारजमा कर आणि मोकळी हो." सरकारजमा झालेलं असलं जुनं हत्यार शेवटी मोडीत जातं, हे सिस्टरना ठाऊक होतं. "बोलू दे," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर लोकांच्या वेळेला उठले, लोकांच्या वेळेला जेवले. हे एक माझं आहे. मोडायला देणार नाही." त्याच आठवड्यात परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज भरून आल्या.

पुढे आजाराने त्यांना गाठलं. आपल्यामागे मुलगा काय करणार हे ओळखून, हाताला सलाईनची पट्टी असताना, त्या रिक्षाने थेट ठाण्याला गेल्या आणि रिव्हॉल्व्हर त्याच दुकानात रीतसर ठेवून आल्या. मला त्यांनी काही सांगितलं नाही. महिन्याभरात त्या गेल्या. बातमी ऐकून मी खूप रडलो. शेवटी फोन आला तो मुलाचाच. "आईने दुकानदाराला बजावून ठेवलं होतं, नेम धरणाऱ्यालाच द्या. तुम्ही बघता का? मी सही करतो."

परवान्यावर नोंद करून घ्यायला चार खेटे पडले. दुकानदाराने कपाटातून फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर काढलं. ते रिकामं असल्याचं मी दोनदा बघितलं, मग अंगठ्याचं नख नळीमागे धरलं. नळी लख्ख होती.

"साहेब, आधीच सांगतो," तो म्हणाला, "लाल ठिपका आहे ना, ते घर बाद आहे. थोडे कमी करतो."

"एक पैसा कमी करायचा नाही," मी म्हणालो. "ते घर माझं आहे."